विठोबाला क्वांटमचं सर्टिफिकेट कशाला?

ही पोस्ट लिहावी की नाही यावर बरेच दिवस घुटमळत होतो. इथे घरातली मंडळी वाचतात. ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते माझे काकाही वाचतात (मोबाईलवर, अक्षरं मोठी करून). शेवटी त्यांनाच विचारलं. म्हणाले, "लिही. पण माझं लिहिशील तसं तुझंही लिही." अट रास्त आहे, पाळतो.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मी पंढरपूरचा. प्रदक्षिणा मार्गावर आमचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. कुंकू, बुक्का, तुळशीच्या माळा, चुरमुरे, बत्तासे. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, दोन वर्षं एका कॉलेजात शिकवलं, मग वडील गेले आणि गल्ल्यावर येऊन बसलो. त्याची खंत वगैरे काही नाही. गिऱ्हाईक नसतं तेव्हा जुनी पुस्तकं उघडतो, एवढाच त्या विषयाशी संबंध उरलाय.

तर झालं असं. गेल्या कार्तिकीची गर्दी ओसरली आणि आठवड्याभरात एका मंगल कार्यालयात 'अध्यात्म आणि क्वांटम विज्ञान' या विषयावर व्याख्यान होतं. प्रवेश मोफत. काका म्हणाले, "चल, तुझ्याच विषयातलं आहे." गेलो. वक्ता बोलायला गोड होता. पहिला अर्धा तास त्याने इलेक्ट्रॉनवर घेतला. इलेक्ट्रॉन म्हणे एकाच वेळी कणही असतो आणि लाटही असते. म्हणजेच सगुणही आणि निर्गुणही! विटेवर उभा तो कण, चराचरात भरला तो तरंग. पाश्चात्त्यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं, आपल्या संतांना सातशे वर्षांपूर्वीच माहीत होतं. टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढे तो म्हणाला की आपण बघतो म्हणून कण तसा वागतो, म्हणजे सगळा खेळ मनाचा आहे. शरीर कणांचंच बनलेलं आहे. तेव्हा मनाची लाट बदला, शरीर आपोआप बदलेल.

मग चहा झाला. चहानंतर भिंतीकडेची टेबलं उघडली. क्वांटम पट्टी, गादीखाली ठेवायची. क्वांटम जग, त्यात पाणी रात्रभर ठेवायचं. पेशींची लाट जुळते म्हणे. साखर, बीपी, सांधे, सगळ्यावर चालतं.

काकांनी दोन्ही घेतलं. अठरा हजार रुपये. घरी येताना मी एवढंच म्हणालो, "कशाला घेतलंत?" ते म्हणाले, "असू दे रे." मी गप्प बसलो.

काका सदुसष्ट वर्षांचे. चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. आळंदीहून पायी येतात दरवर्षी, अडीचशे किलोमीटर, आणि वाटेत गोळीची वेळ कधी चुकवली नाही. त्या माणसाने डिसेंबरात आधी एक गोळी कमी केली, मग सगळ्याच बंद केल्या. घरात कुणाला सांगितलं नाही, कारण 'अनुभव आल्यावर सांगू' असं त्यांच्या मनात होतं. मार्चमध्ये चप्पल लागून पायाला जखम झाली. छोटीशी होती. ती भरली नाही. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काढावं लागलं. यंदाच्या आषाढीला काका चालले नाहीत. दिंडी गावात आली तेव्हा खुर्चीवर बसून होते दुकानासमोर. मी बुक्का विकत होतो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

दवाखान्यात मी त्यांच्यावर चिडलो होतो. म्हटलं, "अहो काका, कुणीही उठून काहीही सांगतो आणि तुम्ही गोळ्या बंद करता?" ते शांतपणे म्हणाले, "कुणीही नाही रे. तूच तर म्हणाला होतास."

खरं होतं. एम.एस्सी. होऊन नुकताच आलो होतो तेव्हा आमच्या गल्लीच्या गणपतीत मी भाषण केलं होतं. विषय: सगुण-निर्गुण आणि आधुनिक विज्ञान. तेच कण-तरंग, तेच 'आपल्या संतांनी आधीच सांगितलंय', त्याच टाळ्या. शाल-श्रीफळ मिळालं. काका पहिल्या रांगेत होते आणि नंतर महिनाभर जो भेटेल त्याला "आमचा पुतण्या काय बोलला!" म्हणून सांगत होते. त्या वक्त्याचं काकांना पटलं, कारण ते त्यांनी आधी घरच्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं होतं. मी जमीन नांगरून ठेवली, त्याने पेरलं आणि कापूनही नेलं.

म्हणून आज जे लिहितोय ते त्या वक्त्याविरुद्ध आहे आणि माझ्याविरुद्धही आहे.

नातेवाइकांपैकी दोघं-तिघं म्हणाले, की पट्टी विकणारा चोर, हे मान्य. पण संतांचं आणि सायन्सचं जुळतं असं म्हटलं तर बिघडलं काय? उलट पोरं दोन्हीकडे वळतील. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी एकाचं म्हणणं, "रूपक आहे यार, एवढं काय मनाला लावून घेतोस?"

बिघडतं. कसं ते सांगतो. त्यासाठी आधी कण-तरंग म्हणजे प्रत्यक्षात काय, ते थोडक्यात. (कंटाळा आला तरी वाचा. काकांनी वाचलंय.)

इलेक्ट्रॉन शोधला जे. जे. थॉमसन यांनी, १८९७ साली. कण म्हणून. त्याचं वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर त्यांनी मोजलं. त्यांना १९०६ चं नोबेल मिळालं. पुढे १९२४ साली पॅरिसमध्ये लुई द ब्रॉय नावाच्या तरुणाने प्रबंधात लिहिलं की प्रकाश जर कधी कणांसारखा वागत असेल तर कणांनीही लाटेसारखं वागायला हवं. नुसतं एवढंच म्हणाला असता तर ते प्रवचन झालं असतं. त्याने आकडा दिला. लाटेची लांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले कणाचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. बस्स. आता हे खरं की खोटं ते कुणालाही तपासता येणार होतं.

तपासलं गेलं ते अर्धं अपघातानेच. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत डेव्हिसन आणि जर्मर निकेलच्या तुकड्यावर इलेक्ट्रॉन मारून ते कसे परततात ते बघत होते. १९२५ साली द्रवरूप हवेची बाटली फुटली, काचेची नळी तडकली, तापलेल्या निकेलवर हवा गेली आणि गंज चढला. तो काढायला निकेल पुन्हा खूप तापवलं. त्यात आधीचे बारीक बारीक स्फटिक जाऊन मोजके मोठे स्फटिक तयार झाले. पुन्हा इलेक्ट्रॉन मारले तर वेगळंच दिसू लागलं. मग त्यांनी नीट एकच स्फटिक घेऊन मोजमापं केली. १९२७ साली निकाल असा, की ५४ व्होल्टने ढकललेले इलेक्ट्रॉन ५० अंशाच्या कोनात सर्वात जास्त परततात. त्यावरून लाटेची लांबी निघते ०.१६५ नॅनोमीटर. द ब्रॉयच्या सूत्राने निघते ०.१६७. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये जी. पी. थॉमसन यांनी पातळ पापुद्र्यातून इलेक्ट्रॉन पाठवून लाटेचीच वलयं दाखवली. हे जी. पी. म्हणजे जे. जे. यांचे चिरंजीव. १९३७ चं नोबेल त्यांना आणि डेव्हिसनना मिळून मिळालं. बापाने कण म्हणून शोधलेल्याची लेकाने लाट दाखवली, आणि बापाचं मोजमाप चुकलेलंही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. 'एकाच वेळी कणही आणि लाटही' हे वाक्य मीही फेकलं होतं. ते ऐकायला भारी वाटतं, पण प्रयोगात तसं काही दिसत नाही. १९८९ साली जपानमध्ये तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन असे सोडले की यंत्रात एका वेळी जेमतेम एकच असावा. पुढे दोन वाटा, त्यापलीकडे पडदा. पडद्यावर प्रत्येक इलेक्ट्रॉन एका ठिकाणी, एकच ठिपका म्हणून येतो. अर्धा इथे, अर्धा तिथे असं कधी होत नाही. पहिले दहा-वीस ठिपके बघा, ताटात सांडलेली मोहरी. शेकड्यांनी झाले तरी काही कळत नाही. हजारांनी साचले की पट्टे दिसायला लागतात. लाखावर गेले की स्पष्ट, एक उजळ एक काळा, अगदी लाटांचे पडतात तसे. म्हणजे येतो तो ठिपका. ठिपके कुठे जास्त पडतील आणि कुठे पडणारच नाहीत, याचा हिशोब लाटेचा. ती लाट संभाव्यतेची आहे हे माक्स बोर्न यांनी १९२६ मध्येच सांगितलं होतं. हे विचित्र आहे, मी नाही म्हणत नाही. याचा 'अर्थ' काय यावर आजही भांडणं चालू आहेत. पण हिशोबावर भांडण नाही. हिशोब येतोच.

आता त्या व्याख्यानातली तीन वाक्यं एकेक करून घेऊ.

पहिलं, 'शरीर कणांचं, म्हणून शरीराचीही लाट असते.' ठीक, काढू लांबी. साठ किलोचा वारकरी सेकंदाला एक मीटर या चालीने निघालाय. प्लांकचा स्थिरांक म्हणजे दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग साडेसहा-सहासष्टच्या घरातला आकडा. त्याला साठने भागा. वारकऱ्याच्या लाटेची लांबी येते दशांशचिन्हानंतर चौतीस शून्यं आणि मग एक, इतके मीटर. अणूच्या पोटातला प्रोटॉन घ्या. त्याहूनही ही लांबी एकावर वीस शून्यं इतक्या पटीने लहान आहे. या लाटेशी गादीखालची पट्टी काय जुळवणार आहे? माझ्या दुकानात कुणी म्हणालं की बुक्क्याचा एक कण कमी दिलास, तर मी हसेन. इथे तर त्या कणाचाही हिशोब नाही.

दुसरं, 'आपण बघतो म्हणून कण बदलतो, म्हणजे सगळं मनावर.' ही सर्वात महाग थाप आहे, कारण काकांनी गोळ्या याच वाक्यावर सोडल्या. इलेक्ट्रॉन कुठल्या वाटेने गेला याची नोंद कुठेही उमटली तर पट्टे जातात, हे खरं. पण नोंद व्हायला माणूस लागत नाही, मन तर नाहीच. व्हिएन्नामध्ये २००४ साली एक प्रयोग झाला. सत्तर कार्बन अणूंचा एक रेणू, त्याची लाट आधीच दाखवून झाली होती. तो रेणू त्यांनी तापवत नेला. तापलेला रेणू वाटेत स्वतःच प्रकाश टाकत जातो, तव्यावरचा लोखंडी उलथना लाल होतो तसा. त्या प्रकाशातून त्याचा ठावठिकाणा बाहेर फुटतो. जितकं तापवलं तितके पट्टे पुसट होत गेले आणि शेवटी गेले. कुणी बघत नव्हतं. कुणी मनात काही आणत नव्हतं. सत्तर अणूंच्या रेणूची ही गत, तीही निर्वात नळीत. आपल्या रक्तात तर सदतीस अंशाला कोट्यवधी रेणू एकमेकांना सारखे धडकत असतात. मनाने साखर उतरते ती चालायला लागल्याने, गोड सोडल्याने आणि गोळी वेळेवर घेतल्याने. त्यात मन लागतंच, पण ते वेगळं मन.

तिसरं, 'संतांना हे माहीत होतं.' आता इथे मी पंढरपूरकर म्हणून बोलतो.

ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात. पाणी आणि लाट हा दृष्टांत माउलींच्या लिखाणात येतो, सगळ्या अद्वैत विचारात येतो. त्याचा अर्थ काय? लाट पाण्याहून वेगळी काढता येत नाही. लाट म्हणजे पाणीच. नाव वेगळं, रूप वेगळं, वस्तू एक. चंद्रभागेच्या वाळवंटात उभं राहिलं की लहान पोरालाही समजेल असा दृष्टांत आहे. आणि क्वांटमची लाट कशी आहे? तिच्याखाली पाणीच नाही! ती कशाची बनलेली आहे म्हणून विचाराल तर उत्तर 'कशाचीच नाही, तो संभाव्यतेचा हिशोब आहे'. दोन इलेक्ट्रॉन घेतले तर ती लाट आपल्या तीन मितींच्या जागेत मांडताच येत नाही, सहा मिती लागतात. म्हणजे माउलींच्या दृष्टांताचा सगळा जोर ज्या पाण्यावर आहे तेच इथे नाही. शब्द एक आहे म्हणून गोष्ट एक म्हणणाऱ्याने ना ओवी वाचली, ना फिजिक्स.

सगुण-निर्गुणाचं तेच. भक्ताने कुणाला हाक मारायची, कुणाच्या गळ्यात पडायचं, आणि ज्याला रूपच नाही त्याच्याशी भांडायचं तरी कसं, असा तो प्रश्न आहे. त्यात निकेलचा स्फटिक कुठे येतो? नामदेव पायरीशी डोकं टेकवणारी बाई इलेक्ट्रॉनचा निकाल लागायची वाट बघत थांबली नव्हती. उद्या क्वांटम सिद्धांतात काही दुरुस्ती झाली (विज्ञान आहे, होऊ शकते) तर तिने काय करायचं? माळ काढून ठेवायची? जो म्हणतो की सायन्सने आता विठोबा सिद्ध केला, तो विठोबाला सायन्सच्या दारात अर्ज घेऊन उभा करतो. मला यात भक्ती दिसत नाही. न्यूनगंड दिसतो.

आणि 'सगळं एकच आहे' हे म्हणायला काही लागत नाही, हे पंढरपूरला तरी कुणी शिकवू नये. सगळं एकच असं आत शतकानुशतकं म्हटलं जात होतं आणि चोखोबांची समाधी पायरीबाहेर होती. दलितांना दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींनी मे महिन्यात इथेच दहा दिवस उपोषण केल्यावर. एकत्वाचा पुरावा मागायचाच असेल तर तो तिथे मागायचा असतो, माणूस माणसाशी कसा वागला यात.

एक आक्षेप नेहमी येतो. श्रोडिंजर उपनिषदं वाचायचा ना? वाचायचा, त्याला वेदान्ताची ओढ होती, त्याने त्यावर लिहिलंही आहे. पण १९२६ चं त्याचं समीकरण निघालं ते द ब्रॉयच्या कल्पनेवरून आणि जुन्या यांत्रिकीवरून, आणि टिकलं ते हायड्रोजनच्या वर्णपटातल्या रेषा जुळल्या म्हणून. जुळल्या नसत्या तर सगळी उपनिषदं पाठ असून उपयोग नव्हता. नील्स बोर यांना १९४७ साली मानचिन्ह घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी त्यात चिनी यिन-यांगचं चित्र घातलं. १९७५ साली काप्रा यांच्या पुस्तकाच्या नावातच ताओ आला. म्हणजे एकाला चीन दिसतो, एकाला वेदान्त, आम्हाला विठोबा. ज्याला जे आधीच आवडतं तेच त्याला त्यात सापडत असेल तर सापडलं काय? आपलाच चेहरा.

'रूपक आहे यार' म्हणणाऱ्या मित्राला: रूपक असतं तेव्हा मी पण टाळ वाजवीन. रूपक म्हणतं 'जसं'. व्याख्यानात 'जसं' नव्हतं, 'म्हणजेच' होतं. 'जसं' वर कुणी गोळ्या बंद करत नाही. 'म्हणजेच' वर करतो. माझ्याही भाषणात 'म्हणजेच' होतं. मी वही शोधून काढली, अक्षर माझंच आहे.

आता सर्वात वाईट काय वाटतं ते सांगतो. या खोट्या क्वांटमच्या गोंगाटात खरं कुणी सांगतच नाही, आणि खरं तर आपल्याच दारात आलेलं होतं. २०२० ची आषाढी आठवा. पंढरपुरात संचारबंदी. वाळवंट रिकामं. संतांच्या पादुका एसटीने आल्या. आमचं दुकान बंद, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. ज्या विषाणूने वारी थांबवली त्याचा भारतातल्या रुग्णाच्या नमुन्यातला फोटो त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने काढला होता. विषाणू पंचाहत्तर नॅनोमीटरच्या घरातला. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश चारशे ते सातशे नॅनोमीटरचा. एवढ्या जाड लाटेने एवढं बारीक बघता येत नाही, खराट्याने सुईत दोरा ओवण्यासारखं ते. मग कशाने बघितलं? इलेक्ट्रॉनच्या लाटेने! लाखभर व्होल्टने ढकललेल्या इलेक्ट्रॉनची लाट ०.००३७ नॅनोमीटरची, प्रकाशाच्या लाटेहून लाखभर पटीने बारीक. (भिंगातल्या दोषांमुळे तेवढं बारीक प्रत्यक्षात दिसत नाही, पण विषाणूला पुरतं आणि उरतं.) असा सूक्ष्मदर्शक १९३१ साली जर्मनीत नॉल आणि रुस्का यांनी बनवायला घेतला, द ब्रॉयच्या प्रबंधानंतर सात वर्षांत. रुस्कांना नोबेल मिळायला मात्र १९८६ उजाडलं.

म्हणजे द्रव्याची लाट पंढरपूरच्या उपयोगी खरोखर पडली होती. त्यावर मंगल कार्यालयात कुणी व्याख्यान ठेवलं नाही. मीही नाही.

अजून एक गंमत सांगतो, दुकानदाराची. २० मे २०१९ पासून जगाचा किलोग्रॅम पॅरिसजवळच्या त्या धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नाही. तो प्लांकच्या स्थिरांकावर टेकवलाय, त्याच आकड्यावर, ज्याने इलेक्ट्रॉनच्या लाटेची लांबी निघते. माझ्या गल्ल्याशेजारचा काटा, ज्यावर वजनमापवाले येऊन शिक्का मारून जातात, त्याचा किलो आता क्वांटमचा आहे. पाव किलो चुरमुरे घेताना तुम्ही प्लांकला हात लावता. याच्यासाठी अठरा हजार पडत नाहीत. :-)

मे महिन्यात भाची आली होती, बारावीला आहे, सायन्सला. म्हणाली, "मामा, तो कण-तरंगाचा धडा नुसता पाठ करायचा ना? सरांनी एका नाण्याच्या दोन बाजू म्हणून सांगितलं आणि पुढे गेले." मी म्हटलं, थांब. यात्रेत विकायला येतात ती लाल लेसरची खेळणी दुकानात एक पडून होतं. तिचाच एक केस घेतला, पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून चिकटवला. रात्री माडीवरचा दिवा मालवला, लेसर केसावर मारला (डोळ्यात मारायचा नाही, मुलांनो). तीन मीटरवरच्या चुन्याच्या भिंतीवर केसाची सावली पडायला हवी होती. पडले पट्टे. मधे मोठा उजळ, दोन्ही बाजूंना एक काळा एक लाल, एक काळा एक लाल. काका खाटेवर पडून बघत होते. काळ्यापासून काळ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजलं, पावणेतीन-तीन सेंटीमीटर. लेसरच्या लाटेची लांबी वेष्टनावर होती, ६५० नॅनोमीटर. भाचीने भागाकार केला. केसाची जाडी आली सात शतांश मिलिमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन मायक्रोमीटरने केस मोजला. ०.०७.

ती उड्या मारत होती. केस मोजला होता तिने, भिंतीवर, टेपने! मग तिला तोनोमुरांच्या ठिपक्यांचे फोटो दाखवले. म्हटलं, हेच पट्टे, फक्त प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचे, आणि येतात एकेक करून. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मग एकट्याला कसं कळतं कुठे पडायचं नाही ते?" एका नाण्याच्या दोन बाजू म्हणून गप्प केलेल्या पोरीला हा प्रश्न पडला! शंभर वर्षं मोठमोठी माणसं ज्यावर अडून बसली तोच हा प्रश्न. 'आपल्याला हे आधीच माहीत होतं' म्हणणाऱ्याला तो कधीच पडणार नाही. त्याच्याकडे उत्तर आधीपासून आहे ना.

विकणाऱ्यांसाठी कायदा आहे, हेही सांगून ठेवतो. १९५४ चा औषधे व जादूई उपाय कायदा. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला त्यात बंदी आहे. पण कायदा तक्रार केल्यावर चालतो, आणि तक्रार करायला फसलो असं कबूल करावं लागतं. काकांनी ते केलं. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. काय होतंय बघू.

माझं मागणं फार नाही. पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून 'क्वांटम' म्हणालं तर हात वर करा आणि दुकानात विचारता तसे तीन प्रश्न विचारा. किती? कशाने मोजलं? आणि चुकत असेल तर कळणार कसं? द ब्रॉयला हे तिन्ही विचारता आले, त्याने उत्तरं दिली, म्हणून आज त्याचं नाव घेतो. ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याला नमस्कार करून घरी या. आणि बोलणारा घरचाच, शिकलेला, शाल घेतलेला पुतण्या असेल, तर त्याला आधी विचारा.

काका आता काठी घेऊन महाद्वारापर्यंत जाऊन येतात. गोळ्या वेळेवर चालू आहेत. पट्टी मी फेकायला निघालो होतो, त्यांनी ठेवून घेतली. दाराशी पायपुसणं केलंय तिचं.

हे सगळं त्यांना पोस्ट करण्याआधी वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, "गणपतीत पुन्हा भाषण ठेव. पहिल्या रांगेत बसतो." ठेवणार आहे. यावेळी केस आणि लेसर घेऊन.